थरथरत्या हाताची रेघ

अतिदक्षता विभागात रुग्णाला भेटायला गेलेल्या नातेवाइकांची नजर बहुतेक वेळा रुग्णाच्या चेहऱ्याआधी उशाजवळच्या मॉनिटरवर जाते. काळ्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारी हिरवी रेघ आणि ठरावीक अंतराने तिने घेतलेली उसळी. हृदयातल्या विजेचे ते चित्र असते. आता हे पडदे सपाट झाले; पूर्वी ही रेघ उमटायची ती काचेच्या जाड नळीत. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत यायचा, विद्युतदाब बदलेल तसा तो वर-खाली वळायचा आणि पडद्यावरच्या लेपाला जिथे लागेल तिथे ठिपका चमकायचा. ठिपका वेगाने फिरला की डोळ्याला रेघ दिसायची. प्रयोगशाळांमध्ये याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राला ऑसिलोस्कोप म्हणतात.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात चेरोकी नावाचे छोटे गाव आहे. तिथे बेन लापोस्की (१९१४-२०००) हा गृहस्थ पाट्या रंगवण्याचा व्यवसाय करत असे. गणिताची त्याला मनापासून आवड. १९५०च्या सुमारास त्याने ऑसिलोस्कोपमध्ये निरनिराळे विद्युतसंकेत एकत्र सोडून पाहिले. पडद्यावर शंखासारख्या, पाकळ्यांसारख्या, वाऱ्यात उडणाऱ्या झिरझिरीत कापडासारख्या आकृती उमटल्या. त्याने अंधारात त्यांचे फोटो काढले, त्यांना 'ऑसिलॉन' असे नाव दिले आणि १९५३ मध्ये गावातल्या सॅनफर्ड म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले. (पुढे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांनी आणि फ्लेक्सच्या छपाईने आपल्याकडच्या पाट्या रंगवणाऱ्यांच्या हातचे काम गेले. या सगळ्याच्या मुळाशी पुन्हा एक पाट्या रंगवणाराच असावा, हा योगायोग गमतीचा म्हणायचा की दुःखाचा, ते ज्याने त्याने ठरवावे.)

काटेकोरपणे बोलायचे तर लापोस्कीची चित्रे डिजिटल नव्हती, कारण त्यांत आकड्यांचा संबंध नव्हता. पण एक गोष्ट तिथे घडून गेली होती. गुहेच्या भिंतीवर कोळसा ओढणाऱ्या माणसापासून तोवर रेघ म्हणजे हाताच्या हालचालीने मागे ठेवलेली खूण होती. हात जसा असेल तशी रेघ. हात थकला की रेघ थकणार, हात कापला की रेघ कापणार. ऑसिलोस्कोपसमोर बसलेल्या माणसाचा हात फक्त बटणे फिरवत होता. रेघ दुसरीकडे, दुसऱ्याच कारणाने उमटत होती. डिजिटल कलेने पुढे काय काय केले याची यादी मोठी आहे, पण वैद्यकाच्या दृष्टीने तिची सर्वात मोलाची गोष्ट हीच, की तिने हात आणि रेघ यांची गाठ सोडवली. कारण ज्यांचा हात किंवा डोळा आजाराने निकामी होतो, त्यांच्यासाठी ही गाठ म्हणजे फास असतो. ऑग्यूस्त रेन्वारची बोटे संधिवाताने इतकी वाकडी झाली होती की बँडेज गुंडाळलेल्या हातात कुंचला ठेवून तो रंगवत असे. क्लोद मोनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला तसे त्याच्या चित्रांतले रंग बदलत गेले, आणि शस्त्रक्रिया झाली ती १९२३ मध्ये, तो ८२ वर्षांचा असताना. दोघे थोर होते म्हणून लढले. बाकीच्या किती जणांनी कुंचला खाली ठेवला असेल याची नोंद कोण ठेवतो?

नेत्रविभागात पोचलेले ठिपके

डिजिटल या शब्दाचा साधा अर्थ आकड्यांत मांडलेले. चित्र आकड्यांत मांडण्याची कल्पना प्रथम चित्रकारांना नव्हे, तर इंजिनीअर मंडळींना आणि गणितज्ञांना सुचली, कारण १९६०च्या दशकात कॉम्प्युटरजवळ जाण्याची मुभा त्यांनाच होती. १९६५च्या सुरुवातीला जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये गेओर्ग नेस यांनी कॉम्प्युटरने काढलेली चित्रे मांडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत बेल लॅबोरेटरीजच्या दोन संशोधकांचे प्रदर्शन भरले. एक होते मायकेल नोल आणि दुसरे बेला युलेस. प्रदर्शनाच्या नावात 'कला' हा शब्द नव्हता. 'कॉम्प्युटरने तयार केलेली चित्रे' एवढेच म्हटले होते.

युलेस हे मूळचे हंगेरीचे. माणसाला खोली कशी दिसते, म्हणजे एखादी वस्तू जवळ आहे की लांब हे दोन डोळे मिळून कसे ठरवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी कॉम्प्युटरकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची दोन चित्रे करून घेतली. दोन्ही चित्रांत ठिपके कसेही विखुरलेले, एकेकट्या चित्रात बघण्यासारखे काहीच नाही. फरक इतकाच, की एका चित्रातला मधला चौकोन किंचित बाजूला सरकवलेला. एक चित्र डाव्या डोळ्याला आणि दुसरे उजव्या डोळ्याला दाखवले की क्षणभराने तो चौकोन कागदातून वर उठून तरंगताना दिसतो. यातून कळले ते असे, की खोली जाणवण्यासाठी वस्तू आधी ओळखावी लागत नाही. मेंदू दोन्ही डोळ्यांकडून आलेले ठिपके नुसते जुळवून पाहतो आणि फरकावरून खोली काढतो.

तिरळेपणा किंवा एका डोळ्याची नजर मंद असलेली लहान मुले नेत्रविभागात येतात, तेव्हा त्यांना विशिष्ट चष्मा लावून ठिपक्यांचे पान दाखवतात आणि त्यात कोणता आकार दिसतो ते विचारतात. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर मूल चटकन बोट ठेवते. एकच डोळा काम करत असेल तर त्याला नुसते ठिपके दिसतात. ओळखीच्या चित्रात मूल अंदाजाने उत्तर देऊ शकते, इथे त्याला फारसा वाव नसतो. ही चाचणी युलेस यांच्या ठिपक्यांवरच उभी आहे. न्यूयॉर्कच्या गॅलरीत भिंतीवर टांगलेली कल्पना अशी पोरांच्या तपासणीच्या टेबलावर आली.

नोल यांची गोष्ट आजच्या वादाला जास्त जवळची. डच चित्रकार पीट मोन्द्रियान याचे १९१७चे एक चित्र आहे, फक्त आडव्या आणि उभ्या छोट्या पट्ट्यांचे. नोल यांनी त्याच धर्तीवर कॉम्प्युटरकडून एक चित्र काढून घेतले. पट्ट्यांच्या जागा आणि लांबी ठरवण्यात यादृच्छिक आकड्यांचा, म्हणजे फासे टाकून यावेत तशा आकड्यांचा हात होता. दोन्हींच्या सारख्याच प्रती काढून त्यांनी त्या १०० जणांना दाखवल्या. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : कॉम्प्युटरचे चित्र बरोबर ओळखणारे निघाले अवघे २८ टक्के, आणि ५९ टक्के लोकांना कॉम्प्युटरचेच चित्र जास्त आवडले. मोन्द्रियानची मांडणी अधिक शिस्तीची होती, म्हणून लोकांना ती यंत्राची वाटली. कॉम्प्युटरच्या पट्ट्या विस्कळीत होत्या, म्हणून त्या माणसाच्या वाटल्या. हे सगळे लोक एका संशोधन संस्थेतले होते, कलासमीक्षक नव्हते, त्यामुळे निष्कर्ष फार ताणू नये. तरी एवढे दिसते, की थोडी अव्यवस्था, थोडी चूक दिसली की पाहणाऱ्याला त्यामागे माणूस दिसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या चित्रांवर आज जो वाद चालतो त्यातला निम्मा या एका प्रयोगात येऊन गेलेला आहे.

आईचे अक्षर

ही अव्यवस्था किती घालायची, यावर जिने आयुष्य घालवले ती चित्रकार म्हणजे व्हेरा मोल्नार. जन्म १९२४चा, बुडापेस्टमधला. १९४७ पासून वास्तव्य पॅरिसमध्ये. नेस आणि नोल यांच्याप्रमाणे ती गणिताकडून चित्राकडे आली नाही, ती चित्रकलेचेच शिक्षण घेतलेली. १९६८ मध्ये पॅरिसमधल्या एका संशोधन केंद्रात तिला कॉम्प्युटर वापरायला मिळाला. तेव्हा पडदा नव्हता. भोके पाडलेल्या कार्डांवर सूचना द्यायच्या आणि वाट पाहायची. मग प्लॉटर नावाचे यंत्र पेन धरून कागदावर रेघा ओढायचे. आपण काय काढले हे तिला चित्र पूर्ण होऊन हाती आल्यावरच दिसायचे. एकात एक चौकोन काढायचे आणि त्यांत अगदी थोडी, एखादा टक्का गडबड मिसळायची, हा तिचा आवडता खेळ. २०२३च्या डिसेंबरात, शंभरीला महिना बाकी असताना ती गेली.

तिची एक चित्रमालिका मात्र डॉक्टरांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. बुडापेस्टहून तिची आई तिला दर आठवड्याला पत्र लिहायची. अक्षर टोकदार, जुन्या वळणाचे. ओळीची सुरुवात डावीकडे व्यवस्थित व्हायची आणि उजवीकडे सरकताना अक्षर अस्वस्थ होत जायचे. वर्षे गेली तशी ही अस्वस्थता वाढत गेली. पत्रे वाचायला अवघड आणि पाहायला सुंदर होत गेली. मग ती यायची थांबली. तेव्हा मोल्नारने आईची पत्रे स्वतःच, कॉम्प्युटरवर, लिहायला घेतली. त्यांत एकही शब्द नाही. नुसत्या ओळी, डावीकडे शांत, उजवीकडे थरथरत्या. आईच्या हाताचा कंप तिने आकड्यांत बसवला होता.

मेंदूविकारतज्ज्ञाकडे हात थरथरतो अशी तक्रार घेऊन कोणी आले, तर एक तपासणी नेहमी होते. कोरा कागद आणि पेन देऊन जिलेबीसारखी मधून बाहेर वाढत जाणारी वळी काढायला सांगतात आणि एक-दोन ओळी लिहून घेतात. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, अक्षर हळूहळू बारीक होत जाते. ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढे. हाताचा कंप बहुधा एका बाजूला सुरू होतो आणि हात मांडीवर स्वस्थ असताना जास्त दिसतो. दुसरा एक कंप आहे, जो अनेकदा घराण्यात चालत येतो. त्याला एसेन्शियल ट्रेमर म्हणतात. त्यात उलटे असते. हात स्वस्थ असताना ठीक, पण कप उचलला, पेन धरले की थरथर. अक्षर मोठे आणि लाटांसारखे होते. पार्किन्सनचा कंप साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो, एसेन्शियल ट्रेमर ४ ते १२ वेळा. आणि निरोगी माणसाचाही हात सेकंदाला ८ ते १२ वेळा अगदी सूक्ष्म थरथरतच असतो. तो डोळ्याला दिसत नाही इतकेच.

ही वळी आता काही ठिकाणी कागदाऐवजी टॅब्लेटवर काढून घेतात. हा टॅब्लेट मुळात चित्रकारांच्या टेबलावरचाच.

पेन, पडदा आणि चाळणी

१९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' नावाची प्रणाली तयार केली. प्रकाश टिपणारे पेन थेट पडद्यावर टेकवून रेघ ओढायची. कल्पना मोठी होती, खांद्याच्या मात्र सोयीची नव्हती. उभ्या पडद्यावर हात अधांतरी धरून दहा मिनिटे काम करून पाहावे, म्हणजे कळते. पुढच्याच वर्षी रँड कंपनीने टेबलावर आडवा ठेवायचा, सुमारे १० इंच लांबी-रुंदीचा टॅब्लेट काढला. त्याखाली तारांची जाळी होती आणि तिच्यावर १० लाख वेगवेगळे बिंदू ओळखता येत. हात टेबलावर टेकला, खांदा सुटला.

आजचे चांगले टॅब्लेट जवळपास याच वाटेने चालतात. पाटीखालच्या तारांच्या जाळीत चुंबकीय क्षेत्र तयार होते, पेनातल्या छोट्या वेटोळ्याला ते जाणवते आणि पेन त्याला उत्तर देते. त्यामुळे अनेक पेनांना बॅटरीही लागत नाही. सेकंदाला शंभर-दोनशे वेळा पाटी विचारते, पेन कुठे आहे, किती दाबले आहे, किती कलले आहे. काही पेनांत दाबाच्या ८,१९२ पायऱ्या मोजल्या जातात. म्हणजे चित्रकाराला दिसते ती रेघ, पण यंत्राकडे असते ती आकड्यांची यादी.

आणि यादी असली की ती चाळता येते. चित्रे काढण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'स्टॅबिलायझर' नावाची सोय असते. तिची कल्पना सोपी आहे : पेन आत्ता जिथे आहे तिथेच रेघ ओढायची नाही, गेल्या काही क्षणांत पेन जिथे जिथे होते त्या जागांची सरासरी काढायची आणि तिथे ओढायची. लांब वळणदार रेघ ओढताना चित्रकाराची हेतुपुरस्सर हालचाल तशी संथ असते आणि कंप तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान. सरासरी घेतली की कंपाचे वर आणि खाली एकमेकांत मिटतात, वळण शिल्लक राहते. मोल्नारने जो कंप आकड्यांनी घातला, तोच इथे आकड्यांनी काढून टाकला जातो. फुकट काहीच मिळत नाही, याचीही किंमत असते. रेघ पेनाच्या किंचित मागून येते, जणू दोरीने ओढल्यासारखी. आणि भरभर मारलेल्या बारीक फटकाऱ्यांना ही चाळणी कंपच समजते व बोथट करते. एसेन्शियल ट्रेमर असलेल्या माणसाला म्हणूनच लांब रेघा जमतात, पण केसांचे पोत किंवा गवताची पाती काढायला वेगळी युक्ती शोधावी लागते.

हाताचे झाले. डोळ्याचे काय?

दृष्टिपटलाच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक नजरेची कामे तोच करतो. उतारवयात हा भाग झिजतो, काहींमध्ये त्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून रक्त आणि पाणी पाझरते. पाझरणाऱ्या प्रकारात डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत आणि ती वेळेवर मिळाली तर उरलेली नजर टिकते. पण मधला भाग गेला की माणूस जिथे पाहील नेमके तिथेच धूसर डाग दिसतो. कडेचे दिसत राहते. असा माणूस घरात न अडखळता फिरतो आणि वर्तमानपत्राचा मथळा वाचू शकत नाही. घरच्यांना वाटते, सोंग करतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले हॅल लास्को (१९१५-२०१४) अशांपैकी एक. आयुष्यभर त्यांनी अक्षररचनेचे आणि ग्राफिक्सचे काम हाताने केले होते. निवृत्तीनंतर मॅक्युलाच्या आजाराने नजर गेली. वयाच्या पंचाऐंशीच्या आसपास घरच्यांनी त्यांना कॉम्प्युटरवरचे 'पेंट' उघडून दिले. हे तेच, ज्यात शाळकरी मुले झोपडी आणि डोंगर काढतात आणि ज्याकडे व्यावसायिक चित्रकार ढुंकूनही पाहत नाहीत. लास्को यांनी ते इतके मोठे करून घेतले की एकेक पिक्सेल वेगळा चौकोन दिसावा, आणि मग एकेक चौकोन भरत ते निसर्गचित्रे काढू लागले. एका चित्राला महिने लागत. २०१३ मध्ये त्यांच्या कामावर 'द पिक्सेल पेंटर' हा छोटा माहितीपट निघाला, चित्रांचे प्रदर्शन झाले, लोकांनी छापील प्रती विकत घेतल्या. अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले.

त्यांना हे जमले यात चिकाटी होतीच, पण दृष्टिशास्त्रही आहे. प्रतिमा मोठी केली की ती दृष्टिपटलावर जास्त जागा व्यापते आणि डागाच्या बाहेर, शाबूत असलेल्या भागावर पसरते. कडेच्या भागाला बारकावे कळत नाहीत, पण मोठे आकार कळतात. शिवाय कागदावर प्रकाश बाहेरून पडावा लागतो, पडदा स्वतः उजळतो. रंगांमधला फरक हवा तितका वाढवता येतो. भिंग कागदावरही धरता येते, पण भिंग एका हातात आणि कुंचला दुसऱ्या हातात धरून कोणी किती वेळ रंगवणार?

हात आणि पाय, दोन्ही गेल्यावरची गोष्ट लॉस एंजेलिसची. टोनी क्वान, भिंतींवरच्या ग्राफिटीच्या जगात 'टेम्प्ट वन' म्हणून नावाजलेला. २००३ मध्ये त्याला एएलएस झाल्याचे निदान झाले. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात; हात, पाय, गिळणे, श्वास, सगळे एकेक करून थांबते. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते आणि डोळे हलवणारे स्नायू सहसा सर्वात शेवटपर्यंत टिकतात. २००९ मध्ये काही कलाकार-प्रोग्रामरांनी एकत्र येऊन त्याच्यासाठी 'आयरायटर' तयार केला. स्वस्त गॉगलची चौकट, व्हिडिओ गेमसाठी मिळणारा साधा कॅमेरा, डोळ्यावर पडणारा अदृश्य अवरक्त प्रकाश. त्या प्रकाशात बुबुळाच्या मधली बाहुली ठळक दिसते. ती कुठे वळली यावरून नजर पडद्यावर कुठे आहे ते काढायचे. नजर टिपणारी तयार यंत्रे तेव्हा फार महाग होती. या मंडळींनी आपला आराखडा आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी फुकट खुले ठेवले.

डोळ्याने चित्र काढणे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात डोळा पेनासारखा सरकत नाही. स्थिर चित्र बघताना तो सेकंदाला तीन-चार वेळा उड्या मारतो, दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर थांबतो. कोऱ्या भिंतीवर नजरेने सलग वर्तुळ काढून पाहावे. ते तुकड्यातुकड्यांचे होते. म्हणून आयरायटरमध्ये नजर थांबेल तिथे बिंदू ठेवायचे आणि प्रोग्रामने ते जोडायचे, अशी सोय केली होती. क्वानने रुग्णालयाच्या खाटेवरून आपली अक्षरे अशी काढली आणि ती शहरातल्या एका इमारतीच्या भिंतीवर प्रकाशाने मोठी करून दाखवण्यात आली. आजार जडल्यानंतर कित्येक वर्षांनी भिंतीवर पुन्हा त्याचे अक्षर आले.

डोळेही थकतात. त्यापुढची पायरी जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठात अँड्रिया क्युब्लर आणि चित्रकार आडी ह्योस्ले यांनी गाठली. डोक्यावर ईईजीची टोपी, समोर रंग, आकार आणि दिशा यांची चिन्हे असलेला तक्ता. चिन्हे एकामागून एक लुकलुकतात. मनात धरलेले चिन्ह लुकलुकले की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरीत एक छोटा उंचवटा येतो; तो ओळखून कॉम्प्युटर ती आज्ञा पाळतो. एकेक आज्ञा निवडायला बराच वेळ जातो. तरी एएलएसच्या रुग्णांनी हे घरी बसून वापरले, चित्रे काढली.

एवढे सगळे सांगितल्यावर शरीर सुटले असे कोणी समजू नये. ते दुसऱ्या दाराने परत येते. मुंबई-पुण्यात ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या कामावर दिवसाचे दहा-बारा तास बसणारी तरुण मुले अंगठ्याच्या मुळाशी कळ, मनगटात मुंग्या, मान आखडणे, डोळे चुरचुरणे अशा तक्रारी सांगतात. तैलरंगात काम करणाऱ्याला कुंचला धुवावा लागतो, रंग वाळेपर्यंत थांबावे लागते, चार पावले मागे जाऊन पाहावे लागते. ती सक्तीची विश्रांती होती. पडद्यावर काहीच वाळायचे नसते. चूक झाली तर 'अन्डू', मागे जायचे तर दोन बोटांनी चित्र लहान. जागचे उठण्याचे कारणच उरत नाही. गुळगुळीत काचेवर पेन घसरू नये म्हणून मुठीचा दाबही नकळत वाढतो. आणि पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्यावर येते, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, हा जुना नियम साधा असला तरी उपयोगी आहे. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांचे तसे नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा डोळ्यांचा ताण कमी करण्यात या काचांचा निदान अल्पकाळात तरी काही विशेष लाभ दिसला नाही. त्या पैशांत पाठीला नीट टेकू देणारी खुर्ची येईल.

आजोबांची नजर अधू झाली किंवा आजीचा हात थरथरू लागला आणि त्यांना चित्रांची, रांगोळीच्या नक्षीची, मोडी गिरवण्याची हौस असेल, तर सुरुवात करायला वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये पडदा मोठा करणे, रंग उलटे करणे, बोट चुकून दोनदा टेकले तर दुसरा स्पर्श न मोजणे या सोयी 'ॲक्सेसिबिलिटी'च्या भागात आधीपासून असतात. नजरेने पडदा चालवण्याची सोय २०२४ पासून काही आयफोन आणि आयपॅडमध्येही आली आहे. घरातल्या नातवंडाला अर्धा तास बसवले की हे सगळे लावून होते. आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी मात्र झालेली असावी, कारण धूसर दिसण्यामागे मोतीबिंदू असेल तर उपाय शस्त्रक्रिया आहे, झूम नव्हे.

कंपाबाबतही तसेच. आतापर्यंत सरळ येणारी रेघ वाकडी येऊ लागली की स्टॅबिलायझरचा आकडा वाढवण्याचा मोह होतो. पाचाचे दहा, दहाचे वीस. चित्र सुरेख येत राहते आणि हात बिघडत असल्याचे कोणाच्या, स्वतःच्याही, लक्षात येत नाही. नव्याने सुरू झालेल्या कंपामागे कंपवातच असतो असे नाही. थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत असेल, दम्याचे काही औषध चालू असेल, फिट्सवरच्या एखाद्या गोळीचा परिणाम असेल, दारू एकदम सोडली असेल. यातली बरीच कारणे साध्या तपासणीत कळतात आणि बरीही होतात. डॉक्टरांकडे जाताना टॅब्लेट न्यायचा असेल तर जरूर न्यावा, पण वळी काढून दाखवताना स्टॅबिलायझर शून्यावर ठेवावा. वर्षभरापूर्वीची एखादी रेघ त्याच टॅब्लेटमध्ये तशीच, न चाळलेली, साठवलेली असेल तर तीही दाखवावी. कंप केव्हापासून आहे या प्रश्नाला रुग्ण बहुतेक वेळा अंदाजाने उत्तर देतो. तिथे तारीख लिहिलेली असते.